एकच थवा दोन तलावांवर: सोलापूरजवळच्या पाणपक्षी गणनेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. जानेवारीत इथे पाणी असतं ते उजनीच्या जलाशयात, शहराजवळच्या हिप्परग्याच्या जुन्या एकरुख तलावात आणि गावोगावच्या पाझर तलावांत. उजनीवर आणि हिप्परग्यावर पक्षिनिरीक्षक पोचतातच. पाझर तलाव मात्र वर्षानुवर्षं मोजणीबाहेर राहतात, आणि थापट्या, तलवार बदक, चक्रांग या बदकांचे बरेच थवे दिवसभर विसावतात ते अशाच पाण्यावर. म्हणून या तलावांची मोजणी आम्हाला मोलाची वाटते, आणि ती चुकली तर त्याची कारणंही तपशिलात मांडावीशी वाटतात.

प्रकरण अशाच दोन तलावांचं आहे. ओळख पटू नये म्हणून त्यांना इथे थोरला आणि धाकटा म्हटलं आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत. थोरला तलाव भरावापासून शेपटीपर्यंत साधारण सहाशे मीटर. भराव पूर्वेला, उथळ शेपूट पश्चिमेला. पाणी ओसरेल तसं शेपटीकडच्या गाळात हरभरा आणि ज्वारीची गाळपेर होते. भरावाच्या दक्षिण कोपऱ्यात पाणकणसाचा दाट पट्टा आहे. धाकटा तलाव तिथून पूर्वेला तीन किलोमीटरवर, आकाराने निम्माही नाही.

गणना होती आशियाई पाणपक्षी गणना. ती १९८७ पासून दर जानेवारीत होते. भारतात वेटलँड्स इंटरनॅशनल या संस्थेसोबत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) तिचं काम पाहते, आणि नोंदी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरही भरता येतात. जानेवारी निवडण्याचं कारण असं की उत्तरेकडून आलेले पक्षी तोवर स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास सुरू व्हायला अवकाश असतो. एखादी पाणथळ रामसर यादीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीच्या, निकषात बसते का हे ठरवताना पाणपक्ष्यांचे दोन आकडे पाहतात: तिथे नियमित २०,००० पाणपक्षी असतात का, किंवा एखाद्या प्रजातीच्या एका समूहातल्या एकूण पक्ष्यांपैकी एक टक्का पक्षी तिथे असतात का. पाझर तलाव एकटा या निकषात बसणार नाही. पण एक टक्का ज्या एकूण संख्येवर काढतात, ती अशा शेकडो लहान आकड्यांवरूनच अंदाजली जाते.

गटात नऊ जण होते. समन्वयाचं काम जीवशास्त्राच्या एका प्राध्यापिकेकडे. त्यांच्यासोबत दोन अनुभवी निरीक्षक, गावच्या माध्यमिक शाळेतले एक शिक्षक आणि पाच विद्यार्थी. साहित्य: दोन स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणी), चार ८×४२ दुर्बिणी, दोन टॅली काउंटर (बटण दाबून मोजायची यंत्रं), छापील तक्ते.

पहिल्या दिवशी काय घडलं

तारीख सिद्धेश्वर यात्रेच्या आधीच्या रविवारी धरली होती. पहिला गट सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी थोरल्याच्या पश्चिम काठावर उभा राहिला. गाडीरस्ता तिथपर्यंत येतो, एवढंच त्या जागेचं कारण. सूर्योदय नुकताच झाला होता. समोरून ऊन, पाण्यावर विरळ धुकं. बदकं काळ्या आकृत्यांसारखी दिसत होती, त्यामुळे जवळच्या थव्यातल्या थापट्यांची चोच ओळखता आली, पण पलीकडच्या कोपऱ्यातलं काहीच नीट कळेना.

७ वाजून ३५ मिनिटांनी मच्छीमार संस्थेचा एक सभासद थर्माकोलच्या तराफ्यावरून शेपटीकडची जाळी काढायला आला. विसावलेली बदकं उठली, दोन घिरट्या घालून पूर्वेकडे गेली. गटाने तोवर मोजलेले पक्षी ८६० होते: थापट्या ५२०, वारकरी (पांढऱ्या चोचीचा काळा पाणपक्षी) ९०, बाकी २५०. पाणकणसाकडचा भाग राहून गेला.

दुसरा गट धाकट्यावर ८ वाजता मोजायला लागला आणि पाऊण तासात संपवलं. त्यांचा आकडा ११२०: थापट्या ६१०, वारकरी १४०, बाकी ३७०.

दोन्हींची बेरीज १९८०. आदल्या वर्षीची नोंद १५५० ची होती. वाढ झालेली सगळ्यांना आवडली. गावातल्या एका वार्ताहराने दुपारपर्यंत आकडा मागितला.

अडचण

धाकट्यावरच्या नववीतल्या एका मुलीकडे वेळ लिहायचं काम होतं. तिच्या तक्त्याच्या समासात तीन ओळी होत्या: ७.४६, ७.५१ आणि ७.५५ ला पश्चिमेकडून बदकांचे थवे उतरले. मिळून सहाशे ते साडेसहाशे. मोजणी तेव्हा सुरूही झालेली नव्हती, त्यामुळे हे लिहिणं तिच्यावर बंधनकारक नव्हतं. ती नोंद नसती तर १९८० हाच आकडा पुढे गेला असता.

बेरजेत दोन चुका एकमेकींत मिसळल्या होत्या. उडून आलेली बदकं दोनदा मोजली गेली होती, आणि पाणकणसातले वारकरी मोजलेच गेले नव्हते. वारकरी सहसा लांब उडत नाही. तराफा आला की पाण्यावरून धावत जाऊन पाणकणसात शिरतो. म्हणजे दुबार मोजणीचा फटका थापट्यांच्या आकड्याला आणि सुटलेल्या भागाचा फटका वारकऱ्यांच्या आकड्याला. एकूण बेरीज मात्र दिसायला अगदी शक्य कोटीतली. अशा आकड्यावर कोणाला शंका येत नाही, म्हणून तो जास्त घातक ठरतो.

तिसरी गोष्ट एका शेतकऱ्याने सांगितली. गाळपेरीतल्या हरभऱ्यात रात्री पट्टकदंब हंस चरतात आणि सकाळी साडेआठच्या सुमारास तलावावर परततात. रविवारी थोरल्यावरचा गट आठच्या आतच उठला होता. हंसांची नोंद शून्य होती.

तोलून पाहिलेले पर्याय

रविवारी दुपारी शाळेच्या वर्गात चर्चा झाली. चार मार्ग पुढे आले.

पहिला, १९८० हा आकडा तसाच पाठवायचा आणि शेऱ्यात 'काही पक्षी दोनदा मोजले गेले असण्याची शक्यता' असं लिहायचं. कष्ट कमी. पण आकडे एकत्र करताना शेरा मागे राहतो आणि आकडा पुढे जातो. प्रजातीनिहाय तर तो दोन्ही बाजूंनी चुकीचाच होता.

दुसरा, मुलीच्या अंदाजाएवढे ६५० पक्षी धाकट्याच्या आकड्यातून वजा करायचे. हा मार्ग बरोबर वाटतो, पण वजा कशातून करायचे? थव्यात थापट्या किती आणि तलवार बदकं किती, हे कोणी पाहिलं नव्हतं. शिवाय वजाबाकीने दुबार मोजणी जाते, सुटलेला भाग भरून निघत नाही.

तिसरा, थोरल्याची नोंद 'अपूर्ण' म्हणून भरायची आणि धाकट्याची रद्द करायची. फेरमोजणी शक्यच नसती तर आम्हीही हाच मार्ग सुचवला असता. अपूर्ण असं स्पष्ट लिहिलेली नोंद पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते.

चौथा, दोन्ही तलाव एकाच वेळी पुन्हा मोजायचे. अडचण दिवसाची होती. बुधवारी संक्रांत, त्या दिवशी यात्रेमुळे अर्धं गाव सोलापुरात असतं. यात्रा संपेपर्यंत थांबलं तर आठवडा जातो, आणि तेवढ्यात पक्ष्यांची मांडणी बदलू शकते. सोमवारी तयारीला वेळ नाही. उरला मंगळवार, आणि मंगळवारी येऊ शकणारे फक्त सहा जण. सहा जणांत दोन गट, प्रत्येकी तिघे: एक मोजणारा, एक लिहिणारा, एक घड्याळ आणि आकाश पाहणारा. एवढं पुरतं. चौथा मार्ग ठरला.

वार्ताहराला प्राध्यापिकांनी दिसलेल्या प्रजातींची यादी दिली आणि आकड्यासाठी मंगळवार संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. त्यांनी ऐकलं.

मच्छीमारांशी बोलणी

वेळ कोणती, हा खरा निर्णय होता, आणि तो मच्छीमार संस्थेला बाजूला ठेवून घेता येत नव्हता. तलावाचा मासेमारीचा ठेका त्यांचा. जाळी संध्याकाळी सोडतात, पहाटे सव्वासहापासून काढतात, आणि कटला, रोहू, चिलापी साडेआठपर्यंत सोलापूरच्या बाजारात जातात.

गटातल्या एका निरीक्षकाचा आग्रह होता की संस्थेला एक दिवस जाळी उशिरा काढायला सांगावं. संस्थेचे वयस्क सचिव यावर म्हणाले, "मॅडम, पहाटं जाळी काढली न्हाई तर मासा फुगतोय. मग सोलापुरात कोण घेतंय?" प्राध्यापिकांनी विचारलं, "तात्या, मग तुमच्या हिशोबानं पाखरं शांत कधी बसतात?" तात्यांचं उत्तर तयार होतं: तराफे बाहेर आले की अर्ध्या-पाऊण तासात बदकं परत शेपटीकडे बसतात, आणि दहानंतर गुरं पाण्यावर येईपर्यंत कोणी त्यांना उठवत नाही. ही माहिती गणनेच्या आधी विचारली असती तर रविवार वाया गेला नसता.

ठरलं ते असं. सोमवारी संध्याकाळी जाळी फक्त भरावाकडच्या खोल पाण्यात सोडायची, शेपटीकडे नाही. मंगळवारी सव्वासात–साडेसातपर्यंत ती काढून तराफे बाहेर घ्यायचे. मोजणी ९ ते १०. संस्थेचं त्या दिवशी नुकसान जवळपास नाही, कारण थंडीत मासा खोल पाण्याकडेच जास्त मिळतो, असं तात्यांनीच सांगितलं.

संध्याकाळची वेळही चर्चेत आली होती. तेव्हा शेपटीकडचा शेतरस्ता उन्हाच्या दृष्टीने सोयीचा असतो, पण काठावरच्या पाण्याच्या मोटारींकडे होणारी ये-जा आणि पाण्यावर येणारी गुरं यांमुळे पक्षी स्थिर नसतात, आणि अंधार पडताना बदकं चरायला निघतात. दुसरीकडे सकाळी दहानंतर उशीर करणंही परवडत नाही. काळ्या जमिनीवरची हवा तापली की स्कोपमध्ये चित्र थरथरतं आणि चारशे मीटरवरची मादी बदकं ओळखता येत नाहीत. ९ ते १० हा तास म्हणूनच निवडला: ऊन पाठीमागून, हंस परतलेले, हवा अजून थंड.

हरभऱ्याच्या शेतकऱ्याने विचारलं की या मोजणीवर पिकाची भरपाई मिळेल का. प्राध्यापिकांनी स्पष्ट नाही म्हटलं. ही नोंद म्हणजे पंचनामा नव्हे, आणि खोटी आशा दिली असती तर पुढच्या वर्षी त्या बांधावर कोणी उभं राहू दिलं नसतं.

फेरमोजणी

सोमवारी दुपारी सरावासाठी तासभर दिला. काळ्या घोंगडीवर मूठभर ज्वारी विखरायची, पाच सेकंद पाहायची, आकडा लिहायचा, मग दाणे मोजायचे. चारशे दाण्यांना बहुतेकांनी अडीचशे-तीनशे म्हटलं. मोठा थवा पाहताना माणूस सहसा कमीच धरतो, आणि थवा जेवढा दाट तेवढी तूट मोठी. सात-आठ फेऱ्यांत अंदाज बराच जवळ आला. मग गठ्ठ्याची पद्धत: थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी एक-एक करून मोजायचे, तेवढी जागा डोळ्यात धरायची, त्याच मापाने पुढे सरकायचं. थवा मोठा असेल तर पन्नासचा गठ्ठा. मधला भाग दाट आणि कडा विरळ असतात, म्हणून मधल्या भागात माप नव्याने घ्यावं लागतं. एकच माप टोकापासून टोकापर्यंत वापरलं की आकडा फसतो.

मंगळवारी थोरल्यावर गट भरावावर उभा होता. दोन जागा आधीच ठरवलेल्या: मोरीजवळची (भरावातून पाणी सोडतात तिथली) आणि सांडव्याजवळची (जादा पाणी वाहून जातं तिथली). पाण्यावर दोन खुणा धरल्या, एक वाळलेली बाभूळ आणि एक मोटारीचं खोपटं. खोपट्याच्या उत्तरेचं पाणी सांडव्यावरून, दक्षिणेचं मोरीवरून. खूण नसली की दोन जागांवरून मधला थवा हमखास दोनदा मोजला जातो.

क्रमही ठरलेला होता. आधी उडून जाऊ शकणारी बदकं, मग हंस, मग काठावरचे शेकाटे आणि बगळे, शेवटी वारकरी आणि टिबुकल्या. प्रत्येक मोठा थवा दोनदा मोजायचा, उलट दिशेने. दोन आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. टिबुकली पाण्याखाली जाते, म्हणून तिच्यासाठी त्याच भागावर दोन-तीन मिनिटं थांबून एका नजरेत दिसलेली सर्वांत मोठी संख्या धरली.

ओळखीत एक जागा अडली. चक्रांग आणि भुवई बदक यांच्या माद्या लांबून जवळपास सारख्याच दिसतात. भुवई बदकाच्या नरावरची पांढरी भुवई खात्रीची खूण, पण जानेवारीत बरेच नर अजून मादीसारख्या फिक्या पिसाऱ्यातच असतात, त्यामुळे भुवई दिसली नाही म्हणून चक्रांग असं म्हणता येत नाही. एका निरीक्षकाला अशा ३५ पक्ष्यांना चक्रांग लिहायचं होतं. प्राध्यापिकांनी ते 'अनोळखी लहान बदक' या रकान्यात घातले. आमच्या मते हा बरोबर निर्णय. ज्या तक्त्यात अनोळखीचा रकाना रिकामा असतो, त्याच्याकडे आम्ही जरा संशयानेच पाहतो.

दोन्ही गटांची घड्याळं मोबाइलच्या वेळेशी जुळवली होती. ९.२२ ला पाणथळीवर फिरणारा भोवत्या हा शिकारी पक्षी थोरल्यावरून गेला आणि साधारण चाळीस बदकं उठली, पण घिरटी घालून तिथेच बसली. धाकट्यावर त्या सुमारास कोणी उतरलं नाही, हे लगेच फोनवर पडताळलं.

निकाल

थोरल्यावर १२६५ पक्षी: थापट्या ५४५, वारकरी ४३०, बाकी २९०. त्या बाकीमध्ये ५८ पट्टकदंब हंस. धाकट्यावर ४८५: थापट्या ९५, वारकरी १५०, बाकी २४०. एकूण १७५०.

रविवारच्या बेरजेपेक्षा २३० कमी. फरक किरकोळ वाटतो, पण प्रजाती पाहा. थापट्या रविवारी ११३० होत्या, मंगळवारी ६४०. वारकरी रविवारी २३०, मंगळवारी ५८०. हंस शून्यावरून ५८. धाकट्यावरच्या थापट्यांत रविवारी दिसलेला जास्तीचा भाग ५१५, बाकीच्या पक्ष्यांचा १३०. दोन्ही मिळून ६४५, म्हणजे समासातल्या त्या तीन ओळींच्या अंदाजात बसणारा.

मंगळवारची नोंद पूर्ण गणना म्हणून पाठवली. रविवारची नोंद फेकली नाही. थोरल्याची नोंद 'अपूर्ण, अंदाजे निम्मं पाणी पाहिलं, तराफ्यामुळे पक्षी उडाले' असं लिहून वेगळी ठेवली, आणि धाकट्याची उतरलेल्या थव्यांच्या वेळांसह.

आदल्या वर्षीच्या १५५० चं काय, हा प्रश्न उरला. जुना तक्ता पाहिल्यावर कळलं की त्या वर्षी एकाच गटाने थोरला आठला आणि धाकटा दहाला मोजला होता. मधल्या दोन तासांत पक्षी इकडून तिकडे गेले की नाही, याची नोंद नाही. म्हणून १५५० वरून १७५० अशी वाढ दाखवायची नाही असं ठरलं. वार्ताहरालाही तेच सांगितलं. बातमी हंसांच्या फोटोसह आली, टक्केवारीशिवाय.

वेगळं काय करता आलं असतं

पूर्वपाहणी झाली असती तर यातलं बरंच टळलं असतं. गणनेच्या चार-सहा दिवस आधी, ज्या तासाला मोजायचं त्याच तासाला, एका माणसाने तलावाला चक्कर मारली तरी तराफे, ऊन, गुरं आणि मोटारी कळतात. पाटबंधारे शाखेला आणि ग्रामपंचायतीला पत्र दिलं होतं. मच्छीमार संस्थेला मात्र कोणी विचारलं नव्हतं. पाण्यावर रोज पहाटे कोण असतं, हे ज्यांना माहीत, त्यांच्याकडे सगळ्यांत आधी जायला हवं.

जागा रस्त्याच्या सोयीने निवडली गेली. सकाळच्या मोजणीत पूर्वेचा काठ घ्यायचा, मग भरावावर पाचशे मीटर चालावं लागलं तरी चालेल. आणि पश्चिमेला उभं राहिल्याने गट विसावलेल्या बदकांच्या फार जवळ होता. तराफा आला नसता तरी थवा सरकलाच असता, असा आमचा अंदाज आहे.

एकमेकांना दिसणारे किंवा चार-पाच किलोमीटरच्या आतले तलाव एकाच तासात मोजायचे. माणसं तेवढी नसतील तर एकच तलाव पूर्ण मोजावा आणि दुसऱ्यावर एकट्या विद्यार्थ्याला बसवून फक्त येणारे-जाणारे थवे आणि वेळा लिहायला सांगावं. त्यासाठी आता तक्त्यात वेगळा रकाना आखला आहे: वेळ, कोणत्या दिशेने, अंदाजे किती. मोजणीच्या अर्धा तास आधीपासून तो भरायचा.

फोटोंचा उपयोग या वेळी जेमतेम झाला. स्कोपला मोबाइल लावून टोकापासून टोकापर्यंत एकमेकांवर थोडे चढणारे फोटो घेतले असते, तर थापट्यांचा थवा घरी बसून ठिपके देत मोजता आला असता आणि गठ्ठ्याच्या आकड्याशी ताडून पाहता आला असता. फोटो घेतले, पण सुटे सुटे; दोन फोटोंमधली जागा कुठे जुळते हेच कळेना. तिपाईवर स्कोप घट्ट करून, डावीकडून उजवीकडे, दर फोटोत आधीच्या फोटोतली एक खूण येईल असं सरकायचं.

पाण्याची पातळीही लिहून ठेवायला हवी होती. मोरीवरच्या पट्टीचा आकडा एका ओळीत येतो. पाऊस चांगला झाला की जानेवारीत शेपटीकडचा गाळ पाण्याखालीच असतो, मग शेकाटे आणि बाकीचे चिखलातले पक्षी कमी दिसतात. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ओसरल्यावर येतात. उजनीवर रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) बाबतीतही हेच घडतं: धरण काठोकाठ असलं की ते उशिरा दिसतात. पातळी न लिहिता दोन वर्षांचे शेकाटे शेजारी ठेवले, तर पाण्यातला फरक पक्ष्यांतला फरक समजला जाईल.

पुढच्या जानेवारीसाठी तारीख यात्रेच्या आधीची धरली आहे आणि ती मच्छीमार संस्थेच्या वहीत तात्यांनी स्वतः लिहून घेतली. जागा त्याच दोन, मोरी आणि सांडवा. खोपटं पडलं तर नवी खूण कोणती घ्यायची, तेही नकाशावर आखून ठेवलं आहे.